काचेची बाहेरची बाजू

घरातल्या माशांच्या पेटीची काच बाहेरून कशी पुसावी, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे. तो ऐकून काही जणांना हसू येईल. आपण खिडकीची काच पुसतो, आरशाची पुसतो, चष्म्याची तर दिवसातून दहा वेळा पुसतो. मग या एका काचेसाठी भाषण कशाला हवे? तुमची ही शंका मला अगदी मान्य आहे, कारण दोन वर्षांपूर्वी मीही हेच म्हटले असते. मी भोरला महाविद्यालयात मराठी शिकवतो. मत्स्यशास्त्राशी माझा संबंध नाही. पण माझ्या हातून एक चूक घडली, आणि त्या चुकीने जे शिकवले ते तुम्हांला काही न गमावता मिळावे, म्हणून हा प्रपंच.

आमच्या भागाला पाण्याची आणि माशांची नवलाई नाही. भोरला नीरा आहे, भाटघरचा जलाशय आहे. वेल्ह्याच्या बाजूला गुंजवणी आहे, कानंदी आहे. सह्याद्रीची धार ओलांडून महाडच्या अंगाला उतरले, की काळ नदीवर वाळण कोंडाचा डोह लागतो. तिथले महसीर जातीचे मोठमोठे मासे देवीचे मानले जातात. त्यांना कोणी पकडत नाही. उलट लोक काठावरून खाऊ टाकतात आणि मासे वर आले की हात जोडतात. पण एक गोष्ट लक्षात घ्या. नदीचा मासा आपण नेहमी वरून पाहतो. त्याची काळसर पाठ तेवढी आपल्याला दिसते. त्याची कूस, त्याचा डोळा, कल्ल्याची ती संथ उघडझाप बाजूने पाहायची, तर मध्ये काचच हवी. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली काचेच्या हौदांतले मासे लोकांना पाहायला मिळाले, तेव्हा त्यांची झुंबड उडाली ती याचसाठी. आपल्याकडे मुंबईला चौपाटीजवळ तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली उघडले, आणि गावाकडून मुंबई पाहायला गेलेल्या किती तरी मराठी कुटुंबांनी मासा बाजूने पाहिला तो तिथे पहिल्यांदा. आता तीच काच आपल्या बैठकीच्या खोलीत येऊन बसली आहे. ती स्वच्छ असावी असे वाटणे यात गैर काहीच नाही. गैर होते ते माझ्या पुसण्यात.

झाले असे. माझी धाकटी बहीण वेल्ह्याला दिलेली आहे. तिचा मुलगा शाळेसाठी आमच्याकडे भोरला राहतो. त्याला माशांचा नाद लागला. आजोबांनी वेळोवेळी दिलेले पैसे साठवून त्याने पुण्याहून एक पेटी आणवली. दोन फूट लांब, फूटभर रुंद, फूटभर उंच. त्यात पाच-सहा गप्पी आणि दोन गुरामी. गप्पी सगळे सारखेच दिसायचे, म्हणून ते बिननावाचे राहिले. गुरामींना मात्र त्याने नावे दिली. मोठ्याचे नाव तोरणा आणि धाकट्याचे राजगड. वेल्ह्याच्या पोराला दुसरी नावे कुठली सुचणार!

गौरी-गणपतीला तो आईकडे निघाला. जाताना मला बजावून गेला, "मामा, दिवसातून एकदाच चिमूटभर खाणं घाला. जास्त नको. आणि हवेचा पंप बंद करू नका." मी मान डोलावली. गणपतीची आरास नेमकी त्या पेटीच्या शेजारीच होती. दुसऱ्या दिवशी सौ. म्हणाली, "अहो, ती काच केवढी धुरकट दिसते आहे. संध्याकाळी बायका यायच्या आहेत हळदीकुंकवाला." खिडक्या पुसण्यासाठी घरात निळ्या औषधाची फवाऱ्याची बाटली होती. मी ती उचलली. पेटीचे झाकण अर्धवट सरकलेले होते, तिकडे माझे लक्षही गेले नाही. काचेवर समोरून चार फवारे मारले, दोन बाजूंना मारले, वरच्या कडेवर पाण्याचे पांढरे डाग होते तिथे आणखी दोन सढळ हाताने मारले. पुसले. काच अशी लखलखली, की मीच माझ्यावर खूश झालो.

संध्याकाळी दोन्ही गुरामी वर येऊन पाण्याच्या पृष्ठभागाशी तोंड उघडमीट करीत होते. आलेल्या बायका म्हणाल्या, "बघा, आरती ऐकायला वर आलेत!" मला वाटले, भुकेले असतील. म्हणून वर आणखी खाणे घातले. सकाळी तोरणा तळाशी आडवा पडलेला होता. दुपारी राजगड गेला. त्याच्या पाठोपाठ दोन गप्पी गेले.

वेल्ह्याला फोन करून सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. गौरीचे विसर्जन आटोपून पोरगा नसरापूरमार्गे एस.टी.ने परत आला. दप्तर खांद्यावर तसेच ठेवून त्याने पेटीकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. मी झाले ते सगळे सांगितले. तो एवढेच म्हणाला, "मामा, तेव्हा पंप चालू होता का?"

"होता की. तूच तर सांगितलं होतंस, बंद करू नका."

"हो," तो म्हणाला, आणि परसात निघून गेला. रागावला असता, रडला असता, तरी मला बरे वाटले असते.

आमच्या महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणारे एक सहकारी आहेत. त्यांच्यापुढे मी हा गुन्हा कबूल केला. ते म्हणाले, "सर, काच बाहेरून पुसलीत हे खरं. पण काचेला बाहेरची बाजू असते, पाण्याला नसते. पाणी वरून उघडंच असतं." मग त्यांनी जे समजावून दिले, ते मी माझ्या भाषेत सांगतो.

काच पुसण्याच्या पुष्कळशा औषधांत अमोनिया असतो. कशात मद्यार्क असतो, साबणासारखे फेसाळ पदार्थ असतात, सुवासही असतो. अमोनिया माशांना नवा नव्हे. मासे स्वतःच कल्ल्यांवाटे तो पाण्यात सोडतात, आणि पेटीतल्या गाळणीत व वाळूत राहणारे सूक्ष्म जंतू त्याचे रूपांतर आधी नायट्राइटमध्ये आणि मग त्याहून सौम्य अशा नायट्रेटमध्ये करतात. हा हिशेब रोजच्या रोज कसाबसा जुळत असतो. त्यात बाहेरून भर पडली की तो बिघडतो. अमोनिया कल्ल्यांना जाळतो. पाणी जितके क्षारधर्मी आणि जितके उबदार, तितका तो अधिक जाचक. साबणाचे काम वेगळे. माशाच्या अंगावर आणि कल्ल्यावर जो बुळबुळीत थर असतो, तोच त्याचे चिलखत. ताटाचा तेलकटपणा जो पदार्थ काढतो, तो हे चिलखत शाबूत कसे ठेवील?

आता फवारा म्हणजे काय, तर बारीक तुषार. त्यांतले निम्मे काचेवर बसतात, उरलेले हवेत तरंगतात आणि मिळेल तिथे उतरतात. पेटी उघडी असली की पाण्यावर उतरतात. आणि हवेचा पंप? तो काही ढगातली हवा आणीत नाही. तुमच्या खोलीत जी हवा आहे तीच तो ओढतो आणि बुडबुड्यांनी पाण्यात सोडतो. खोलीत जे फवाराल ते पंप इमानेइतबारे माशांना पोचवतो. गुरामी आणि फायटर हे मासे तर कल्ल्यांखेरीज पाण्यावर तोंड काढूनही श्वास घेतात. म्हणजे तुषार उतरले त्याच जागी त्यांचे नाक! ते आरती ऐकायला वर आले नव्हते.

म्हणून पहिला आणि सर्वांत मोठा नियम हा: पेटीजवळ काहीही फवारायचे नाही. जे काही लावायचे ते पेटीपासून दूर, दुसऱ्या खोलीत, फडक्याला लावायचे आणि मग फडके काचेला लावायचे. काचेच्या औषधाइतकाच, किंबहुना अधिक कडक, हा नियम डास-झुरळांच्या फवाऱ्याला लागू आहे. त्यांत जी पायरेथ्रॉइड जातीची कीटकनाशके असतात, ती माणसाला सहज सोसतात. माशांना फार थोड्या प्रमाणातही घातक ठरतात. पावसाळ्यात आमच्याकडे डास उदंड, तेव्हा हे विशेष सांगतो. धूप, उदबत्ती, कापूर यांचीही जागा पेटीपासून दूर असावी. देवाला त्याने काही कमी पडत नाही.

आता प्रत्यक्ष पुसायचे कसे, ते क्रमाने पाहू.

पुसण्याआधी डाग कोणत्या बाजूला आहे हे ठरवा. पुष्कळदा आपण बाहेरून घासत बसतो आणि डाग असतो आत. ओले बोट बाहेरून फिरवा. डाग हलला तर बाहेरचा, न हलता तसाच हिरवट राहिला तर आतले शेवाळ. आतल्या शेवाळाची व्यवस्था निराळी, ती त्याच दिवशी करू नये. पेटीवर थेट ऊन येत असेल तर पेटीची जागा चुकली आहे. पुसून पुसून तुम्ही दमाल, शेवाळ दमणार नाही.

मग हात धुवा, नुसत्या पाण्याने. साबण लावलाच तर तो पुरता निघेपर्यंत धुवा. पेटीचे झाकण नीट बसवा. झाकण नसेल तर स्वच्छ कोरडा पंचा वरून पसरा. तो पाण्याला टेकू देऊ नका. त्यानंतर कोरड्या हाताने दिवा, पंप, पाणी तापवण्याची कांडी यांच्या विजेच्या पिना काढा. ओला हात आणि वीज यांची गाठ पडू देऊ नये, हे सांगायला नको. पण आणखी एक सांगतो. पेटीतून येणारी वायर सरळ प्लगात जाता कामा नये. ती आधी प्लगाच्या खाली झोळीसारखी लोंबू द्यावी आणि मग वर न्यावी. म्हणजे वायरीवरून ओघळलेला थेंब त्या झोळीवरून खाली पडतो, प्लगात शिरत नाही. तसेच हवेचा पंप पाण्याच्या पातळीपेक्षा खाली ठेवलेला असेल तर तो बंद करताच पेटीतले पाणी नळीतून उलटे पंपात उतरू शकते. पंप उंचावर ठेवावा, नाही तर नळीत एकेरी झडप बसवावी. वीज गेली की हीच अडचण उभी राहते, आणि आमच्याकडे श्रावणात वीज किती वेळा जाते ते मी सांगत बसत नाही. दहा-पंधरा मिनिटे पंप बंद राहिला तर गर्दी नसलेल्या पेटीतल्या माशांना काही होत नाही. काम संपल्यावर तो पुन्हा सुरू केला की नाही, एवढे मात्र दोनदा पाहा.

आता फडके. जुन्या धोतराचे किंवा सुती साडीचे मऊ फडके सर्वांत उत्तम. ते या कामासाठीच राखून ठेवावे. फिनेल लावून फरशी पुसलेले, भांड्यांच्या साबणाचे, मोटारीला मेण लावलेले फडके चालणार नाही, मग ते कितीही धुतलेले असो. काचेवर धूळ असेल तर ती कोरडी घासू नका. धुळीत गारगोटीचा कण असतो. तो काचेपेक्षा कठीण. त्यावर दाब दिलात की काचेवर कायमची रेघ उठते. म्हणून आधी ओले फडके हलक्या हाताने वरून खाली फिरवून धूळ उचलून घ्या, फडके धुऊन घट्ट पिळा आणि मग पुसा. राख, रांगोळी, काथ्या, तारेचा घोस यांना या काचेजवळ येऊ देऊ नका. शेवटी कोरडे फडके किंवा वर्तमानपत्राच्या कागदाचा बोळा फिरवा. शंभरातल्या नव्वद वेळा एवढ्याने, म्हणजे नुसत्या पाण्याने, काच लख्ख होते. औषध लागतच नाही.

उरलेल्या दहा वेळा डाग असतात ते पाण्याच्या क्षारांचे. थेंब काचेवरून ओघळतो, पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. बोअरचे पाणी वापरणाऱ्यांकडे ही पांढरी नक्षी हमखास असते. तिच्यावर जोर करू नका. अर्धे पाणी, अर्धे व्हिनेगर घेऊन त्यात फडक्याची घडी भिजवा, पिळा आणि ती घडी डागावर चार-पाच मिनिटे नुसती दाबून धरा. व्हिनेगर नसेल तर लिंबाची फोड फडक्यात गुंडाळून धरली तरी चालते. आम्लाने चुन्याचा डाग सुटतो. मग साध्या पाण्याच्या फडक्याने दोनदा पुसून घ्या. मात्र पेटी शहाबादी फरशीवर किंवा संगमरवरावर ठेवलेली असेल तर थेंब खाली पडू देऊ नका. तो दगडही चुन्याचाच, आम्लाने खराब होतो. पातीने खरवडण्याचा मोह टाळावा. पूर्वी पेट्यांना लोखंडी चौकट असे आणि काच पुटीनने बसवीत. हल्ली काचेला काच सिलिकोनने चिकटवलेली असते. त्या सांध्याला पात लागली की पेटीचा जीव गेला म्हणून समजा. पेटी काचेची नसून अॅक्रिलिकची असेल तर ती हाताला काचेइतकी गार लागत नाही. तिला अमोनियाचे किंवा मद्यार्काचे औषध लावूच नये. ती धुरकटते, तडकते.

मागची बाजू पुसण्यासाठी भरलेली पेटी सरकवू नका. हिशेब करून पाहा. आमची पेटी साठ सेंटिमीटर लांब, तीस रुंद, तीस उंच. काठोकाठ भरली तर चोपन्न लिटर पाणी, म्हणजे चोपन्न किलो वजन. शिवाय वाळू आणि काच वेगळी. एक धट्टाकट्टा माणूस काचेच्या खुर्चीत बसला आहे आणि तुम्ही ती खुर्ची ओढता आहात! भिंत आणि पेटी यांत हात जाईल एवढी जागा पहिल्या दिवशीच सोडावी. पुसताना काचेवर रेलू नये, टकटक करू नये. माशाच्या अंगावर दोन्ही कुशींना जी रेषा असते, तिने त्याला पाण्यातला बारीकसा हादराही कळतो. तुम्ही टिचकी मारता, त्याच्या घरावर कोणी धोंडा मारल्यासारखे होते.

पावसाळ्यात काचेवर बाहेरून दव धरते, तेव्हा घाबरू नका. आतले पाणी खोलीतल्या दमट हवेपेक्षा गार असले की असे होते. पेटी गळते की काय अशी शंका आली तर काच कोरडी पुसा आणि खालच्या सांध्याशी कोरडा कागद ठेवा. सगळ्या काचेवर बाष्प धरले तर ते दव. सांध्याजवळचा तेवढाच कागद भिजला तर मात्र पेटी दुरुस्तीला काढा.

आणि समजा, इतके करूनही पेटीत काही उडालेच. मासे वर येऊन धापा टाकू लागले. तेव्हा माझ्यासारखे खाणे घालू नका. खिडक्या उघडा. खोलीतली हवा बदलली की पंप जोरात चालू करा. एक तृतीयांश ते निम्मे पाणी काढून तितक्याच उबेचे, क्लोरीन नसलेले पाणी हळूहळू घाला. नळाचे पाणी रात्रभर उघड्या भांड्यात ठेवले तर साधा क्लोरीन उडून जातो. म्हणून असे एक पिंप किंवा बादली नेहमी भरलेली असावी. घाईच्या वेळी दुकानात मिळणारे क्लोरीन मारण्याचे थेंब उपयोगी पडतात. गाळणी मात्र त्या वेळी नळाखाली धुऊ नका. तिच्यातले ते उपकारी जंतूच तुमचे मदतनीस आहेत. माझ्या घरी हे सर्व करायला अख्खी संध्याकाळ हाताशी होती. मी ती आरतीच्या गडबडीत घालवली.

या सगळ्यातून मला एक समजले. आपण काच पुसतो ती बहुधा पाहुण्यांसाठी. माशाला आपल्या काचेच्या लखलखाटाशी काही देणेघेणे नसते. त्याला हवे असते पाणी आणि त्या पाण्याला टेकलेली हवा. त्या हवेतच आपण स्वयंपाक करतो, धूप लावतो, डास मारतो. पेटी घरात आणली म्हणजे घराची हवा आपली एकट्याची राहिली नाही, एवढे ध्यानात ठेवले तर बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत.

पोराचा पुढचा वृत्तांत सांगून थांबतो. तीन-चार महिने त्याने मला पेटीला हात लावू दिला नाही, आणि मीही मागितले नाही. मग पुण्याहून त्याने एक नवा गुरामी आणला. एका रविवारी सकाळी तो पंपाची पिन काढून, झाकण बसवून माझ्यापुढे येऊन उभा राहिला. पिळलेले फडके माझ्या हातात दिले आणि म्हणाला, "मामा, वरून खाली. दाबू नका." आता दर रविवारी ते काम माझ्याकडे आहे. मी फडके फिरवतो तसा तो गुरामी आतून फडक्याच्या मागोमाग फिरतो. त्याला वाटते, खाऊ आला. मी भाच्याला विचारले, "याचं नाव काय?"

तो म्हणाला, "अजून ठेवलं नाही. दिवाळीपर्यंत बघू."